बंड्याला कॅफेत जायचंय का?

ताई,
गेली दोन वर्षं मी आणि माझ्या मैत्रिणी दर रविवारी सकाळी एकाच कॅफेत भेटतो. माझा कुत्रा बंड्या (वय 4, वजन 12 किलो) आमच्या टेबलाखाली बसतो. आजवर कुणाला चावला नाही, भुंकला नाही, साधा गुरगुरलाही नाही. तिथे तो इतका रमतो की सारख्या जांभया देतो आणि भिंतीला चिकटून पसरतो. सोबत फोटो पाठवतेय.
तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्या टेबलावरच्या पाच-सहा वर्षांच्या मुलीने हातातली प्लेट खाली धरली आणि बंड्याने त्यातला चॉकलेट केक उचलला. मुलगी किंचाळली, तिच्या आईने आकाशपाताळ एक केलं. (बंड्यालाही धक्का बसला असावा. त्या रात्री झोपलाच नाही, घरभर फिरत होता, दोनदा उलटी केली, सारखं पाणी पीत होता.) पुढच्या रविवारी दारावर पाटी: 'कुत्र्यांना आत प्रवेश नाही.' मालक म्हणाले, बाहेरच्या टेबलावर बसा. मैत्रिणी आतच बसल्या. एकीने सुचवलं की 'सर्व्हिस डॉग' (म्हणजे अपंगांचा मदतनीस कुत्रा) लिहिलेलं जॅकेट ऑनलाइन मिळतं, ते घाल त्याला. नवरा म्हणतो, घरी ठेव, त्यात काय एवढं.
आरडाओरडा करणारी मुलं चालतात, फोनवर बोंबलणारी माणसं चालतात, मग गप्प बसणारा कुत्रा का नाही? पब, कॅफे, दुकानं, सगळीकडे कुत्र्यांना प्रवेश हवा की नको, स्पष्ट सांगा. आणि मी त्या कॅफेवर बहिष्कार टाकू का?
— बंड्याची आई

प्रिय बंड्याची आई,

बहिष्काराचं नंतर बघू. आधी तुम्ही कंसात लिहिलेल्या त्या रात्रीबद्दल बोलायला हवं.

तो धक्का नव्हता हो, चॉकलेट होतं. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन असतं. आपलं शरीर त्याचा निकाल पटकन लावतं, कुत्र्याच्या शरीराला ते जमत नाही. निम्मं थिओब्रोमिन बाहेर पडायलाच त्याला सतरा-अठरा तास लागतात. उलटी, न भागणारी तहान, येरझाऱ्या, झोप उडणं ही त्याची अगदी पुस्तकी लक्षणं. वजनाच्या किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅम पोटात गेलं की ती दिसू लागतात, 40-50 च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, 60 च्या आसपास झटके येऊ शकतात. 12 किलोच्या बंड्यासाठी पहिली पायरी म्हणजे 240 मिलिग्रॅम. दुधाळ चॉकलेटमधून तेवढं जायला शंभरएक ग्रॅम लागेल, पण बेकिंगच्या कडू चॉकलेटचे पंधरा-वीस ग्रॅमही पुरतात. केकमध्ये कुठलं होतं ते आपल्याला काय ठाऊक! या वेळी निभावलं. पुन्हा असं झालं तर लक्षणांची वाट बघत बसू नका. काय खाल्लं, किती, किती वाजता, एवढं सांगायला लगेच पशुवैद्यांना फोन करा. रात्र असली तरी करा. उलटी करवायची की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या. मिठाचं पाणी पाजण्यासारखे घरगुती उपाय नकोत.

कॅफेची जमीन ही अशी जागा आहे. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर काही मिनिटांत रक्तातली साखर धाडकन खाली आणतं. यातलं बरंचसं कॅफेत टेबलाखालीच पडलेलं असतं आणि बंड्याही नेमका तिथेच बसतो.

आता फोटो. छान आलाय, तुम्ही चौघी मनापासून हसताय. मी मात्र बोटांनी मोठा करून टेबलाखालचा कोपरा पाहिला. बंड्याने तोंड कॅमेऱ्याकडून वळवलंय, पण डोळे तुमच्याकडेच आहेत, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसतेय. कान मागे चिकटलेत. जिभेचं टोक नाकावर आहे. पुढचा एक पाय जमिनीपासून चार बोटं वर.

आपल्या भाषेने आपली थोडी फसवणूक केली आहे. मराठीत जिभल्या चाटणं म्हणजे लालूच. कुत्रा समोर खायला नसताना उगाच नाक-ओठ चाटतो तेव्हा बहुधा तो अवघडलेला असतो. जांभई म्हणजे आपल्याला झोप किंवा कंटाळा वाटतो, पण झोपेची वेळ नसताना, गजबजलेल्या जागी, लागोपाठ येणाऱ्या जांभया हा ताण निवळवायचा प्रयत्न असू शकतो. शेपूट हलवणं म्हणजे लाळघोटेपणा, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. कुत्र्याचं शेपूट आनंदात हलतं तसं ते घालमेलीतही हलतं. 'शेपूट घालणं' तेवढं आपल्या पूर्वजांनी अचूक टिपलंय.

सुटी जांभई म्हणजे काहीच नाही. पण जांभया, भिंतीला चिकटणं, वळवलेलं तोंड आणि उचललेला पाय हे सगळं एका फोटोत आणि एका पत्रात येतं, तेव्हा मला एवढंच वाचता येतं की बंड्या तिथे रमत नव्हता, निभावून नेत होता. तुम्ही बसा म्हणालात म्हणून बसला होता बिचारा.

आणि 'साधा गुरगुरलाही नाही' याचं मला तुमच्याइतकं कौतुक नाही. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं 'पुरे आता' म्हणणं. लहानपणी प्रत्येक गुरगुरीला फटका किंवा दरडावणं मिळालं, की काही कुत्री हे वाक्यच गाळून टाकतात. मग एक दिवस 'अचानक चावला' असं घरचे सांगतात. बंड्याचं तसं झालंय असं माझं म्हणणं नाही. पण त्या मुलीने घाबरून किंचाळण्याऐवजी चिडून केक परत ओढला असता, तर? पाच-सहा वर्षांचं मूल जरा वाकलं की त्याचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाजवळच येतो. लहान मुलांना होणारे चावे म्हणूनच डोक्याला आणि चेहऱ्याला जास्त असतात. खाणं तोंडात धरलेल्या कुत्र्यापुढे अनोळखी हात आला, तर अतिशय गुणी कुत्र्याचीही मी हमी देणार नाही. माझ्याकडे अकरा वर्षं एक कुत्री होती, तिचीही दिली नसती.

तुमची बाजूही खरी आहे, प्लेट खाली धरू देणाऱ्या आईची चूक होतीच. पण बंड्याचा पट्टा किती लांब सोडला होता, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता तो मुलांचा मुद्दा. हा युक्तिवाद ऐकायला झणझणीत वाटतो, म्हणून सगळे वापरतात. मूल हे त्या जागेचं गिऱ्हाईक असतं, उद्याचं तर असतंच. कॅफेत कसं वागायचं हे ते कॅफेत येऊनच शिकणार. बंड्याला त्यातलं काही शिकायची गरजच नाही, त्याचं रविवारी सकाळी त्या कॉफीवाचून काही अडत नाही. फोनवर बोंबलणाऱ्या माणसांचं म्हणाल तर त्यांनाही बाहेर बसवावं या मताची मी आहे, पण तो वेगळा रविवार.

स्वच्छतेचा बाऊ मात्र जरा जास्तच होतो, इथे मी तुमच्या बाजूने आहे. लसी आणि जंताची औषधं वेळेवर झालेला कुत्रा टेबलाखाली बसल्याने कॉफी विटत नाही. खरा प्रश्न स्वयंपाकघराचा. युरोपीय संघाचा 2004 चा 852 क्रमांकाचा अन्नस्वच्छतेचा नियम सांगतो की जिथे अन्न तयार होतं, हाताळलं जातं, साठवलं जातं तिथे पाळीव प्राणी पोचू नयेत अशी व्यवस्था हवी. गिऱ्हाइकं जिथे बसून खातात तिथे सरसकट बंदी त्यात नाही. ब्रिटनमध्येही हेच तत्त्व, म्हणून तिथल्या पबमध्ये कुत्रा दिसला तर कुणी चमकत नाही आणि मालकाने नको म्हटलं तर वादही घालत नाही. अमेरिकेत कल उलटा होता: खाण्याच्या जागी मदतनीस कुत्र्यांखेरीज कुठलाही प्राणी नको. मग हळूहळू बाहेरच्या टेबलांपुरती सूट आली, कॅलिफोर्नियात ती 1 जानेवारी 2015 पासून लागू झाली. तुमच्या मालकांनीही तेच सुचवलं. तुम्हाला त्यात अपमान दिसला, मला तोडगा दिसतोय.

ज्यांना कुत्र्याचा त्रास होतो ती माणसं मला स्वच्छतेपेक्षा महत्त्वाची वाटतात, कारण ती सहसा बोलत नाहीत. ॲलर्जी केसांची असते असा समज आहे. ती असते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची. 'कॅन एफ 1' हे त्यातलं मुख्य. हे कण इतके बारीक की हवेत तरंगतात, कपड्यांवर बसून घरोघर जातात आणि कुत्रा निघून गेल्यावरही मागे उरतात. 'आमच्या जातीची ॲलर्जी होत नाही' असं कुणी ठासून सांगितलं तर सोडून द्या. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा तथाकथित निर्धोक जातींच्या आणि इतर जातींच्या घरांतली धूळ तपासली, तेव्हा 'कॅन एफ 1'च्या प्रमाणात फरक सापडला नाही. दम्याचा माणूस तुमच्या कॅफेत येतो, शिंकतो, इनहेलर काढतो आणि पुन्हा येत नाही. तो तक्रार लिहीत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की सगळ्यांना चालतंय.

भीतीचंही तसंच. ज्याला लहानपणी कुत्रा चावलाय, त्याला 'अहो, काही करत नाही तो' या वाक्याने कधीही धीर आलेला नाही. ते वाक्य आपण स्वतःसाठी म्हणत असतो. आणि वेटर! घाबरणारं गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, पण घाबरणाऱ्या वेटरला उकळत्या कॉफीचा ट्रे घेऊन तुमच्या आडव्या ताणलेल्या पट्ट्यावरून पाय टाकत जावंच लागतं. त्याला कुणी विचारलं होतं का, हे मालकांना एकदा विचारून बघा. माझा अंदाज, ती पाटी एकट्या त्या मुलीमुळे लागलेली नाही.

जॅकेटबद्दल मात्र मी समजुतीने बोलणार नाही. ते घालू नका. मैत्रिणीलाही सांगा, असं पुन्हा कुणाला सुचवू नकोस.

मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध तरुण 1928 मध्ये स्वित्झर्लंडहून बडी ही प्रशिक्षित कुत्री घेऊन अमेरिकेत परतला. न्यूयॉर्कच्या धक्क्याजवळचा धो-धो वाहतुकीचा रस्ता त्याने वार्ताहरांसमोर तिच्या भरवशावर ओलांडला. पुढच्या वर्षी अंधांसाठी असे कुत्रे तयार करणारी 'द सीइंग आय' ही संस्था अमेरिकेत सुरू झाली. रस्ता ओलांडून झाला, पण हॉटेल, आगगाडी, दुकान यांची दारं उघडायला पुढची कित्येक वर्षं भांडावं लागलं. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेतला मोठा कायदा आला 1990 मध्ये. तिथे आजही कुत्रा मदतनीस आहे हे उघड दिसत नसेल, तर दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कुठलं काम शिकवलंय? कागद मागायचे नाहीत, आजार विचारायचा नाही. सगळा डोलारा माणसाच्या शब्दावर उभा आहे. ऑनलाइन जॅकेट घातलेला एखादा बंड्या केक पळवतो, तेव्हा पुढच्या खऱ्या मदतनीस कुत्र्याकडे दारातच संशयाने पाहिलं जातं. तसा कुत्रा हा त्या माणसाचे डोळे किंवा कान असतो, त्याला बाहेर ठेवा म्हणणं म्हणजे चष्मा बाहेर काढून ठेवा म्हणण्यासारखं. तेव्हा माझ्या लेखी मदतनीस कुत्र्यांना सगळीकडे प्रवेश हवा, त्यावर चर्चा नको. (आणि असा कुत्रा दिसला तर त्याला चुचकारू नका. तो कामावर असतो.)

बाकी कुत्र्यांचं काय? तुम्ही स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगते: जागा ज्याची, निर्णय त्याचा. पाटी मात्र दारावर हवी, 'चालेल' असेल तरी आणि 'नाही' असेल तरी, म्हणजे ॲलर्जीवाल्यालाही आत येण्याआधी कळेल आणि तुम्हालाही. सगळ्यांना सक्ती नको, सगळ्यांना बंदीही नको. तुमच्या मालकांनी पाटी लावली, बाहेरची जागाही देऊ केली. यापेक्षा सरळ माणूस कुठे शोधणार? बहिष्कार कसला टाकता!

पण मालकाने 'या' म्हटलं म्हणजे न्यायलाच हवं असं नाही. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 45,000 च्या आसपासपर्यंत. आपल्या कानापलीकडचा बराचसा कलकलाट त्याला ऐकू येत असतो. वर कॉफी दळायचं यंत्र, वाफेचा फुस्कारा आणि फरशीवर ओढली जाणारी खुर्ची. ती खुर्ची सरकते तुमच्या पायाशी, पण बंड्याच्या कानाशी. पबमध्ये संध्याकाळनंतर यात भर पडते ती संगीताची, सांडलेल्या दारूची, पायाखालच्या काचेची आणि झुकत झुकत येऊन थेट तोंडाला तोंड लावणाऱ्या प्रेमळ मंडळींची. दुपारच्या शांत पबमध्ये कोपऱ्यात घोरणारा म्हातारा कुत्रा मी आनंदाने बघेन. शुक्रवारी रात्री त्याच पबमध्ये कुत्रा दिसला तर मला त्याच्या मालकाशी बोलावंसं वाटतं.

दुकानांबद्दल फारसं सांगायचं नाही. पुस्तकांच्या किंवा अवजारांच्या दुकानात, गर्दी नसताना, आखूड पट्ट्यावर, मालकाला विचारून जायला काय हरकत? जिथे उघडं अन्न नाकाच्या उंचीवर मांडलेलं असतं तिथे नको. पण दुकानात नेता येत नाही म्हणून बाहेर खांबाला बांधणं हे त्याहून वाईट, हे मी अनुभवाने शिकले. 'पाच मिनिटांत येते' म्हणून मी माझ्या कुत्रीला एका दुकानाबाहेर बांधलं. आत रांग होती. बाहेर आले तर गळपट्टा खांबाला लटकलेला, कुत्री नाही. चाळीस मिनिटांनी ती दोन गल्ल्या पलीकडे एका बंद दाराच्या पायरीवर थरथरत बसलेली सापडली. नेमकं काय झालं, कुणी हटकलं का, मला कधीच कळलं नाही. तेव्हापासून दुकानाला जायचं असेल तर ती घरी. गाडीत ठेवणं हाही पर्याय नाही. बाहेर जेमतेम 21 अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत 32 वर जाते, अर्ध्या तासात 40 वर, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने जवळपास काहीच फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. तापलेल्या हवेत त्याही पुरत नाहीत.

तर या रविवारी असं करा. सकाळी बंड्याला नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त फिरवा. त्यातली निम्मी वेळ चालणं, निम्मी वेळ त्याला हवं ते, हवं तितकं हुंगू द्या. हुंगून कुत्रा किती छान दमतो ते बघाच. मग त्याला घरी त्याच्या जागेवर झोपवा आणि एकट्या कॅफेत जा. नवऱ्याचं ऐकलं असं त्यांना सांगायची गरज नाही.

नंतर कधी न्यावंसं वाटलंच, तर घरी आधी एक सवय लावा. एक जाडसर चटई घ्या. तो आपणहून तिच्यावर आडवा झाला की बक्षीस, उठला तर रागवायचं नाही. चटईवर अर्धा तास निवांत पडायला लागला की चटई अंगणात, मग बागेतल्या बाकाखाली, मग कॅफेच्या बाहेरच्या टेबलाखाली. कोपऱ्यातलं टेबल, गर्दी नसलेली वेळ, पट्टा खुर्चीला न बांधता तुमच्या हातात आणि आखूड, पाण्याचं भांडं तुमचं. पहिल्या खेपेला दहा मिनिटं पुष्कळ झाली. कॉफी कागदी कपात घ्या, कारण अर्धी टाकून उठावं लागेल. तो कुशीवर कलंडला, पाय सैल सोडले, डोळे मिटले तर बसा. जीभ नाकावर गेली, तोंड वळलं, गारव्यातही धापा टाकू लागला तर उठा. मैत्रिणींना वाईट वाटलं तरी उठा.

हे सगळं करूनही बंड्याला ते आवडलं नाही, असं होऊ शकतं. काही कुत्र्यांना नाहीच आवडत. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला जे जग दिसतं ते त्याला ओळखीचं वाटतं, त्यात कॅफे नसेल तर पुढे तो मुद्दाम आणि संथपणे शिकवावा लागतो. आणि शिकवून सोसायला लागलेला कुत्रा आणि मुळात रमणारा कुत्रा यांत फरक राहतोच.

पुढचा फोटो पाठवाल तेव्हा तुम्ही चौघी नसलात तरी चालेल. टेबलाखालचा तेवढा पाठवा, फ्लॅश न मारता.

— तुमची ताई